बारीक टाका

शालन चौगुलेचा टाका बारीक होत चालला होता, आणि ही गोष्ट सगळ्या जगात पहिल्यांदा कळली ती तिच्या धाकट्या बहिणीच्या कॅमेऱ्याला.

गडहिंग्लजला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोघी बहिणींचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत शालन वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, कडेपासून धावदोरा घालायला लागायचं आणि चौकटीच्या आत चौकट करत मध्यापर्यंत यायचं. आई असंच शिवायची. आई गेली तेव्हा शालन सव्वीस वर्षांची होती, तिचं लग्न ठरलेलं होतं, आणि धाकटी स्वप्नाली सात वर्षांची. शालननं लग्न मोडलं. त्यानंतरची एकतीस वर्षं ती वाकळा शिवत राहिली. बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, ते टिकलं नाही तेव्हा तिला परत घरात घेतलं, आणि यातलं अक्षरही कधी बोलून दाखवलं नाही. स्वप्नालीला कधीकधी वाटायचं, आक्कानं एकदा तरी बोलून दाखवावं. निदान भांडता तरी आलं असतं.

स्वप्नालीचा कोल्हापुरात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. पण २०३६ च्या सुमारास लोकांनी फोटोग्राफरला बोलावणंच सोडलं. मांडवातल्या शंभर-दीडशे पाहुण्यांच्या मोबाइलमधली चित्रं गोळा करून यंत्र आपलं आपण अल्बम तयार करायचं. त्यात नवरी घामेजलेली नसायची, मामा रुसलेला नसायचा. स्टुडिओ बंद झाला. दिव्यांचे स्टँड आणि दोन पेट्या घेऊन स्वप्नाली आक्काकडे कायमची आली आणि मागच्या खोलीत दिवसच्या दिवस नुसती पडून राहू लागली. एके दिवशी आक्कानं एक पुरी झालेली वाकळ तिच्या अंगावर टाकली आणि म्हणाली, "हिचा फोटो काढ. बघू कोण घेतंय का."

हस्तकलेच्या बाजारात तेव्हा मोठा गोंधळ चालला होता. यंत्रांना हाताच्या चुका करता येऊ लागल्या होत्या. मुद्दाम तिरका टाका, मुद्दाम सुटलेली गाठ, मडक्यावर मुद्दाम उमटवलेलं बोट. दूरच्या शहरात बसून विकत घेणाऱ्याला खरं-खोटं कळायला मार्ग उरला नव्हता. 'हस्तक' नावाच्या संकेतस्थळानं त्यावर उपाय काढला तो तिरप्या उजेडाच्या कॅमेऱ्याचा.

त्याचं तत्त्व साधं होतं. भिंतीला चिकटवून बॅटरी धरली की एरवी सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. या कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती चौसष्ट दिव्यांचं कडं होतं. प्रत्येक दिवा क्षणभर वेगळ्या बाजूनं पेटायचा आणि कापडाच्या तळहाताएवढ्या तुकड्याचे चौसष्ट फोटो निघायचे. त्यांतल्या सावल्यांवरून दोऱ्याच्या एकेका तंतूची उंची मोजता यायची. सुई कुठल्या कोनात आत गेली, कुठून वर आली, दोरा किती ओढला गेला, हे समजलं की टाका घालणाऱ्या हाताची हालचाल उलट्या क्रमानं मांडता येते. जिवंत हात कधीच स्थिर नसतो. तो सेकंदाला आठ-दहा वेळा अगदी सूक्ष्म थरथरतो, दमला की वेगळा थरथरतो, श्वास सोडताना वेगळा. यंत्राला वाकडेपणाची नक्कल जमली होती. ही थरथर जमली नव्हती. प्रत्येक कारागिराच्या हाताची अशी ओळख 'हस्तक'कडे नोंदलेली असायची आणि त्याची प्रत्येक नवी वस्तू तिच्याशी ताडून पाहिली जायची.

स्वप्नालीनं आक्काच्या हाताची तिथं नोंदणी केली आणि तो कॅमेरा घेतला. एका वाकळेला हजारो फोटो लागायचे. स्वप्नाली लाकडी चौकटीवर वाकळ ताणून बसवायची, खिडकीला काळं कापड लावायची आणि कॅमेरा चार-चार बोटं पुढे सरकवत सकाळची दुपार करायची. मोजमापाचं काम झालं की मग ती तिच्या आवडीचा एक साधा फोटो काढायची. उत्तरेच्या खिडकीचा मऊ उजेड, वाकळेचा एक कोपरा उलटलेला, त्यातून डोकावणारा जुन्या इरकलीचा काठ. तो फोटो बघून परक्या देशातली माणसं लिहायची की या कापडाखाली झोपावंसं वाटतं. कितीतरी वर्षांनी तिच्या फोटोला कोणी काही म्हणत होतं.

पहिल्या वर्षी शालनचा टाका सरासरी चार मिलिमीटरचा होता. दुसऱ्या वर्षी तीनवर आला. तिसऱ्या वर्षी दोनच्या आसपास. 'हस्तक'वर सूक्ष्मतेची श्रेणी असायची. शालन चौगुले हे नाव त्या श्रेणीत भराभर वर चढलं. लिस्बनच्या एका कलादालनातून पत्र आलं. त्यांना एकाच हाताच्या सात वाकळा हव्या होत्या, पुढच्या एप्रिलमधल्या प्रदर्शनासाठी. सोबत स्वप्नालीचे फोटो भिंतभर मोठे करून लावणार होते आणि फोटोंखाली तिचं नाव असणार होतं. तिला यायचंही आमंत्रण होतं.

स्वप्नालीनं पत्र वाचून दाखवलं तेव्हा शालन सुई खाली ठेवून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायकांसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची. ती म्हणाली, "आईचा टाका असा न्हवता. तीस वर्सं शिवलो, तवा कुठं हाताला कळाय लागलंय बघ." स्वप्नालीनं तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये सातांपैकी तिसऱ्या वाकळेचे फोटो 'हस्तक'वर चढवले, आणि शालनच्या नावापुढे एक नवी खूण उमटली. 'दुर्मीळ'. जुन्या वाकळांचे भावही आपोआप वर सरकले होते. स्वप्नालीला वाटलं काहीतरी चूक आहे. तिनं 'हस्तक'च्या कार्यालयात फोन लावला. ईशान पारगावकर नावाचा अधिकारी बोलला. मराठीत बोलायला मिळालं म्हणून त्याला आनंद झाला होता आणि सगळं समजावून सांगायला त्याच्याजवळ भरपूर वेळ होता.

तो म्हणाला, प्रत्येक हात अजून किती वस्तू करू शकेल याचा अंदाज आता यंत्र बांधतं. थोड्याच वस्तू उरल्या असतील तर घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं. शालनताईंच्या ओळी नीट बघा. दोरा नवा घेतला की पहिला टाका मोठा पडतो, मग पुढचा लहान, त्याच्या पुढचा आणखी लहान, आणि ओळ संपेपर्यंत तो आक्रसत जातो. हेच काही आजाऱ्यांच्या अक्षरात होतं. वाक्य सुरू होताना मोठं, संपताना मुंगीएवढं. यंत्राला अशी हजारो हस्ताक्षरं दाखवून शिकवलेलं आहे. मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात, आपल्या हालचालींना मोकळेपणा येतो तो त्या रसायनामुळे. त्या पेशी मरू लागल्या की हालचाल लहान होते. हात लहान फिरतो, पाऊल लहान पडतं, आवाज लहान होतो. कापरं बरंच नंतर येतं.

"म्हणजे कंपवात," स्वप्नाली म्हणाली.

"आम्ही निदान करत नाही," ईशान म्हणाला. "फक्त नोंदणी करणाऱ्याला कळवतो. नोंदणी तुम्ही केलीत, तुम्हाला कळवलं. आजची तारीख लावून ठेवतो."

तिनं औषधाचं विचारलं. त्यानं तेही सांगितलं. आता इंजेक्शन निघालंय, पाठीच्या कण्यातून देतात. पेशींमध्ये साठणाऱ्या प्रथिनांच्या गाठी ते विरघळवतं. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातसुद्धा फुकट मिळतं. पण निम्म्याहून जास्त पेशी जिवंत असतील तरच गुण येतो, गेलेल्या पेशी परत येत नाहीत. तुमच्या बहिणीच्या ओळी बघता सहा-सात महिने हातात असावेत. मग हवामान सांगावं तशा स्वरात तो म्हणाला, "इंजेक्शननं हात मोकळा होतो. टाका परत चार मिलिमीटरवर जाईल. लिस्बनच्या मंडळींना सातही एकाच हाताच्या हव्यात. मध्येच हात बदलला तर ते करार सोडू शकतात. तेवढं लक्षात असू द्या."

स्वप्नालीनं फोन ठेवला आणि बाहेर आली. आक्का चौथ्या वाकळेची कड धरत होती. पाठ वाकलेली, उजवा खांदा थोडा वर, ओठ घट्ट मिटलेले. स्वप्नाली सांगणार होती. खरोखरच सांगणार होती. तिनं मनाशी वाक्यही जुळवलं होतं. पण आक्कानं मान वर करून विचारलं, "काय म्हणाली ती माणसं?" आणि स्वप्नालीच्या तोंडून निघालं, "म्हणाली, असा टाका देशात कुणाचा नाही."

ते खोटं नव्हतं, असं तिनं त्या दिवशी स्वतःला सांगितलं. दसरा होऊ दे, असं पुढच्या महिन्यात सांगितलं. मग दिवाळी होऊ दे. नोव्हेंबरात तिनं बोटांवर मोजून पाहिलं. सहा-सात महिने म्हणजे फेब्रुवारी, फार तर मार्च. वाकळा मार्चमध्ये पुऱ्या होत होत्या. लगेच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेता आलं असतं. हिशोब अगदी काठोकाठ बसत होता, आणि तो बसतो आहे याचा तिला जो आनंद झाला त्याची तिला लाजही वाटली. लाज दोन दिवस टिकली.

शालनच्या अंगात एकेक गोष्ट कमी होत चालली होती. चालताना उजवा हात हलायचा थांबला होता. तव्यावर मिरच्या करपून सगळं घर खोकायला लागलं तरी तिला वास आला नाही. झोपेत कूस बदलता येईना. डिसेंबरात एका सकाळी पोलक्याचं हुक लावायला तिनं स्वप्नालीला हाक मारली आणि खाली बघत म्हणाली, "स्वपे, मला काय तरी झालंय. दवाखान्यात दाखवूया का गं?"

स्वप्नालीनं हुक लावले. पाठ फिरलेली होती म्हणून बरं. "खांदा आखडलाय तुझा," ती म्हणाली. "दिवसभर वाकून बसतेस. तेल लावून देते रोज."

आणि तिनं खरोखर रोज तेल लावलं. तिळाचं तेल कोमट करून संध्याकाळी अर्धा-अर्धा तास ती आक्काचा खांदा चोळायची, दंड चोळायची, बोटं एकेक करून मोकळी करायची. आयुष्यात पहिल्यांदाच ती आक्काची इतकी सेवा करत होती. शालन डोळे मिटून बसायची आणि शेजारच्या बायकांना सांगायची की, माझी बहीण सोन्यासारखी आहे. चोळता चोळता स्वप्नाली म्हणायची, टाका असाच येऊ दे, आणखी बारीक आला तरी चालेल. शालनला ते फार अवघड जात होतं. एक वाकळ पूर्वी तीन आठवड्यांत व्हायची, आता सहा लागत होते. पण बारीक टाका म्हणजे चांगला टाका, हे तिला बहिणीनं सांगितलं होतं, परदेशातल्या माणसांनीही सांगितलं होतं. दुखऱ्या हातानं ती सगळा जीव त्या दोन मिलिमीटरमध्ये ओतत होती.

सातवी वाकळ मार्चच्या अखेरीला पुरी झाली. फोटो व्हायला दोन दिवस, बांधून पाठवायला आठवडा, आणि मग लिस्बनचं विमान. आल्यावर जाऊ दवाखान्यात, तीन आठवड्यांनी काय होतंय, असं स्वप्नालीनं ठरवलं.

लिस्बनच्या दालनात तिचे फोटो छतापर्यंत चढवले होते. आक्काचा एकेक टाका माणसाच्या उंचीचा झाला होता. लोक त्यांच्यापुढे गप्प उभे राहत होते. कुणीतरी तिला मंचावर बोलावलं, टाळ्या झाल्या, एका बाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. शेवटच्या वाकळेखाली एक पाटी होती. स्वप्नालीनं मोबाइल धरून तिचं भाषांतर वाचलं. 'हा हात लवकरच थांबणार आहे. तुम्ही पाहत आहात तो त्याचा निरोप.' म्हणजे इथं दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं. काही जणांचे डोळे ओले होते. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांना आवडत होतं. ती दुसऱ्या दिवशीच परत निघू शकली असती. तिनं आठवडा काढला.

परत आल्यावर तिला कळलं की मधल्या दिवसांत आक्का अंगणात पडली होती, कपाळाला चार टाके पडले होते, आणि शेजारणीनं कोल्हापूरच्या दवाखान्यात दाखवायची तारीख घेऊन ठेवली होती.

डॉक्टर नाझनीन बागवान पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शालनला चालायला सांगितलं, बोटं उघडमीट करायला सांगितली, मग जुनं काही लिहिलेलं आहे का विचारलं. आजार कधीपासून आहे ते अक्षरावरून ठरवता येतं. शालन म्हणाली, मी काही लिहीत नाही, शिवतो. आणि तिनं अभिमानानं सांगितलं की माझ्या बहिणीनं सगळ्या वाकळांचे फोटो काढलेत, तुम्हाला इथल्या इथं बघायला मिळतील.

डॉक्टरांनी 'हस्तक' उघडलं. तीन वर्षांच्या वाकळा एकामागून एक मोठ्या करून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या पावसाळ्यात आला असतात तर इंजेक्शन देता आलं असतं. आता त्याचा उपयोग नाही. गोळ्या देते. दोन-तीन तास हात चालेल, मग पुन्हा अडेल." आणि स्वप्नालीकडे वळून विचारलं, "इथे खूण दिसतेय. तुम्हाला यांच्याकडून कुणी काही सांगितलं नव्हतं?"

"नाही," स्वप्नाली म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "चौदा ऑगस्ट. नोंदणी करणाऱ्यास फोनवर कळवले. उपचारांची माहिती दिली." पुढचं त्यांनी वाचलं नाही. पडदा बंद केला आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागल्या.

शालननं बहिणीकडे पाहिलं नाही. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, "म्हंजे टाका बारीक आला, तो ह्या रोगानं?"

"हो."

"मग तो माझा न्हवताच," शालन म्हणाली.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. निपाणीपर्यंत स्वप्नाली रडत होती आणि बोलत होती. सांगणार होते, रोज सांगणार होते, तुझंच नाव व्हावं म्हणून, तू किती खूश होतीस. शालन खिडकीबाहेर उसाकडे बघत होती. निपाणीला तिनं पाणी मागितलं. बाटलीचं झाकण तिला उघडेना. स्वप्नालीनं उघडून दिलं. तेवढंच.

गोळ्यांनी हात चालू लागला. पहिल्या दिवशी शालननं एका फडक्यावर दहा-बारा टाके घातले. मोठे, मोकळे, जुन्यासारखे. त्यांच्याकडे तिनं अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि फडकं बाजूला टाकलं.

जूनमध्ये ईशानचं पत्र आलं. स्वप्नाली ते पुसून टाकणार होती, पण मोबाइल वाजलेला ऐकून शालननं ते मोठ्यानं वाचायला लावलं. लिस्बनवाल्यांना आणखी एक वाकळ हवी होती. शेवटची. शक्य असल्यास औषधाशिवाय, म्हणजे सातांच्या पुढची आठवी म्हणून शोभेल.

"त्यांना कळव," शालन म्हणाली. तिचा आवाज आता इतका बारीक झाला होता की जवळ सरकावं लागायचं. "शिवतो म्हणून. गोळी न घेता."

स्वप्नाली पाया पडली. म्हणाली की मी कॅमेरा मोडून टाकते, नोंदणी काढून टाकते, पण हे करू नकोस, तुला त्रास होईल. शालननं सगळं ऐकून घेतलं.

"कॅमेरा राहू दे," ती म्हणाली. "तू समोर बस. मी शिवतो तवर उठायचं न्हाई. भिंगातनं न्हवं, डोळ्यांनी बघायचं."

त्या दिवसापासून रोज सकाळी शालन गोळी बाजूला सारते आणि वाकळेपुढे बसते. समोर स्वप्नाली. सुई कापडाजवळ जाते, थांबते, थरथरते, कापड सोडून बोटात शिरते. रक्ताचा ठिपका लुगड्यावर उमटतो. स्वप्नाली पुढे झाली की शालन मान हलवते आणि ती पुन्हा मागे बसते. एक ओळ व्हायला सकाळ जाते. टाके आता डोळ्यांना दिसत नाहीत इतके लहान आहेत. कुठे कुठे तर एकाच भोकात सुई तीनदा गेलेली आहे. दुपारी गोळी घेतल्यावर शालन जेवते, पण स्वतःच्या हातानं नाही. तोंड उघडते आणि वाट बघते. स्वप्नाली घास भरवते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. कपाळावर आठी येत नाही, ओठ हलत नाहीत, पापण्यासुद्धा क्वचित मिटतात. आत काय चाललंय ते बाहेर उमटत नाही. स्वप्नालीनं आयुष्यभर चेहरे वाचण्याचं काम केलं होतं. रुसलेला मामा, घाबरलेली नवरी तिला मांडवाच्या दारातूनच ओळखू यायची. आता रोज चार-चार तास ती आक्काच्या चेहऱ्यासमोर बसते आणि त्यावर काहीतरी शोधते. राग असेल तर राग. तिरस्कार असेल तर तोही चालेल. एखाद्या क्षणी डोळ्यांच्या कडेला माया हलल्यासारखी वाटते, ती पुढे वाकते, आणि तो नुसता खिडकीतला उजेड असतो.

काल तिला राहवलं नाही. "आक्का, काहीतरी बोल गं," ती म्हणाली. "शिव्या दे. एकदा तरी शिव्या दे."

शालननं ओळ पुरी केली. दोरा दातांनी तोडला आणि रिकामी सुई तिच्यापुढे धरली. स्वप्नालीनं डोळे पुसले, दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली.